लोटननाना आजाऱ्याला भेटायला जातात

धरणाच्या पातळीचं एक रजिस्टर असतं. त्यात तारीख, वेळ, पातळी, साठा आणि शेवटी 'शेरा' असे रकाने असतात. शेऱ्याचा रकाना सगळ्या धरणांवर कोरा असतो, कारण पाण्याबद्दल शेरा मारावा असं सरकारी माणसाला काही सुचत नाही. मोरझिरी धरणावर शाखा अभियंता म्हणून मी रुजू झाले त्या दिवशी जुनी रजिस्टरं चाळताना एका पानावर मात्र हा रकाना भरलेला दिसला. '१७ मे. पातळी १७९.१०. साहेबांचा डावा बूट गाळात गेला. उजवा त्यांनी सोबत नेला.'

मी चौकीदाराला बोलावून विचारलं, "हे काय आहे?"

"खरं शे ताई," लोटननाना म्हणाले. "दोन्ही बूट गेले असं लिहिलं असतं, तर खोटं झालं असतं."

माझ्याआधीच्या एका साहेबांना संशय होता की हा माणूस घरी चहा पिता पिता पातळी लिहितो. उन्हाळ्यात पाणी आटत मागे जातं, तसं पातळी वाचायला दीड दीड किलोमीटर गाळ तुडवत जावं लागतं. पाण्यात उतरत गेलेल्या सिमेंटच्या खांबांवर मीटरचे आकडे रंगवलेले असतात. ज्या खांबाला पाणी टेकलंय तिथपर्यंत चालायचं. साहेब म्हणाले, मला प्रत्यक्ष दाखव. नानांनी दाखवलं. कोरडी पायवाट डावीकडून होती, नाना उजवीकडून घेऊन गेले.

हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. उंचीने कमी, रंगाने काळेसावळे, डोक्यावर टोपीऐवजी पंचा. साठीला एक वर्ष उरलेलं. या धरणासाठी त्यांच्या बापाची जमीन गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. नंतर त्याच धरणावर रोजंदारीला लागले, मग कायम झाले, आणि चौतीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठवर आहे ते वाचून कळवत राहिले. माझ्याशी बोलताना अर्धं पुस्तकी मराठी आणि अर्धं अहिराणी. मला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणायचे, पण मनात काही काळंबेरं असलं की 'ताई'. पुढेपुढे त्यांनी 'ताई' म्हटलं की मी हातातलं काम ठेवून सावध व्हायला शिकले.

मी आले ते वर्ष दुष्काळाचं होतं. २०२३चा पाऊस शिंदखेड्याच्या बाजूला नुसती हजेरी लावून गेला. धरण तिसरा हिस्सासुद्धा भरलं नाही. डिसेंबरात एक पाणीपाळी सोडून कालवा बंद झाला आणि कालव्याबरोबर वीजघरही. आमच्या धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजघर आहे. कालव्याला सोडलेलं पाणी आधी त्याचं चाक फिरवतं आणि मग पुढे जातं. पाणीच सोडायचं नाही म्हटल्यावर चाक थांबलं. तिथला ऑपरेटर जुनैद रोज येऊन थांबलेल्या यंत्राची धूळ पुसायचा आणि उरलेला दिवस नानांच्या चौकीत बसायचा. त्याचे वडील मोटारींची वाइंडिंग करायचे. जुनैद यंत्राच्या आवाजात वाढलेला, आणि आता तीन महिने त्याच्या कानांना काही काम नव्हतं.

फेब्रुवारीत कलेक्टर ऑफिसचा आदेश आला. पाणी १८१ मीटरच्या खाली गेलं की उरलेला सगळा साठा बावीस गावांच्या पिण्यासाठी राखीव. काठावरच्या शेतीच्या सगळ्या मोटारी काढायच्या. मी मोजल्या, त्रेचाळीस निघाल्या. नोटिसा दिल्या, पोलीसपाटलांना घेऊन फिरले, वायरी सोडवल्या. काही जण भांडले, पण लोकांच्या घरातही हंडे रिकामे होऊ लागले होते, म्हणून बेचाळीस मोटारी पंधरा दिवसांत निघाल्या.

त्रेचाळिसावी तोतारामआबांची होती. तीही निघाली, म्हणजे काठावरून दिसेनाशी झाली. पण आबांची पाच एकर पपई हिरवीगार राहिली. आजूबाजूच्या शेतांत पानं लोंबकळत होती आणि आबांच्या पपईला मात्र फळं धरत होती. आबा बहात्तर वर्षांचे, गावातलं मोठं प्रस्थ. लग्नसराईत पहिलं आमंत्रण त्यांना. मुलगा जितेंद्र शेती बघायचा आणि बापापुढे कमी बोलायचा.

आबांनी ऐन एप्रिलात गाव सोडून पाण्याकाठी एक झोपडी टाकली होती. जिथे पूर्वी पाणी असायचं त्या भेगाळलेल्या गाळावर कुडाच्या तीन भिंती, वर कपाशीच्या पऱ्हाटीचं छप्पर, आत एक भलीमोठी खाट, आणि खाटेवर आबा. छातीचा आजार बळावलाय, पाण्याची हवा घ्यायला सांगितलीय, असं कारण. खाटेला गोधड्या अशा सोडलेल्या की चारी बाजूंनी जमिनीला टेकतील.

मी पोलीसपाटलांना घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा आबांनी आम्हाला लांबूनच पाहिलं असावं. आम्ही पोचेपर्यंत कण्हणं सुरू झालं होतं. साधं कण्हणं नाही, आलाप. "हूंऽऽऽ... हूंऽऽऽ..." एकसारखं, श्वास घ्यायला जेमतेम थांबणारं. मी म्हटलं, खाट जरा सरकवून बघू द्या. तेवढ्यात आठ-दहा लोक जमले. "मरणाऱ्या माणसाला खाटेवरून उठवता का बाई?" कुणीतरी मोबाइल काढून माझं चित्रीकरण करू लागलं. मी हात जोडले आणि परत आले. वरिष्ठांना फोन केला, तर ते म्हणाले, वातावरण बिघडू देऊ नका.

दुसऱ्याच दिवशी दोन शेतकरी ऑफिसात आले. सरळ म्हणाले, "आबांची चालते, तर आमची का नको? सोमवारी आम्ही पण टाकतो." एक मोटार म्हणजे धरणाच्या दृष्टीने थेंब. पण तिच्यामागे बेचाळीस उभ्या होत्या, आणि तळाशी जे उरलं होतं ते जुलैपर्यंत बावीस गावांना पुरवायचं होतं.

संध्याकाळी मी चौकीवर जाऊन नानांना म्हटलं, "पोलीस बंदोबस्त मागवते."

नाना चूल फुंकत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई."

मी हातातला मोबाइल खाली ठेवला.

"आबाला आजार शे का?"

"मला काय माहीत? कण्हतात तर खरे."

"कधी कण्हतस ते मी लिखी ठेयेल शे." त्यांनी रजिस्टर काढलं. शेऱ्याच्या रकान्यात सव्वादोन आठवड्यांच्या नोंदी होत्या. 'आबा कण्हत आहेत.' 'आबा कण्हत आहेत.' पुढचा पूर्ण आठवडा: 'आबा ठीक. खाटेवर बसून भाकरी खाल्ली.' 'आबा ठीक. शेळीला हाकललं.' आणि आदल्या दिवसापासून पुन्हा: 'आबा कण्हत आहेत.'

जुनैदने माझ्या हातात एक कागद दिला. शेतीच्या वीजपुरवठ्याचं वेळापत्रक होतं. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. आबांचा आजार त्या वेळापत्रकाला एक दिवससुद्धा चुकला नव्हता.

"मॅडम, मी आज त्या बाजूने गेलो होतो," जुनैद म्हणाला. "आबांच्या आवाजाखाली अजून एक आवाज आहे. पाच हॉर्सपॉवर. बेअरिंग थोडं गेलंय."

मला हसू आवरेना, पण प्रश्न तसाच होता. खाट कोण उचलणार?

"आपण नही," नाना म्हणाले. "तुमची नोटीस ऱ्हाऊ द्या. आजारी माणूसले नोटीस देतस नही, भेटाले जातस."

दिवसाच्या लाईटचे अजून पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी वाचून झाल्यावर नाना बिस्किटाचा पुडा घेऊन आबांच्या झोपडीवर गेले आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले. मी आणि जुनैद थोडं मागे, बांधावरच्या बाभळीखाली. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"काय व्हयनं आबा?"

"हूंऽऽऽ... छातीमा कळ शे... हूंऽऽऽ..."

नानांनी खाटेच्या कडेच्या लाकडावर हात ठेवला. "अरे देवा! आबा, किती थरथर शे तुमच्या अंगात! सगळी खाट हालस!"

आबा क्षणभर थांबले. ते थांबल्यावर खालची घरघर मोकळी ऐकू आली, म्हणून घाईघाईने पुन्हा सुरू झाले. "थंडी... थंडी वाजी ऱ्हायनी... हूंऽऽऽ..."

"मग पांघरूण कसं नही?" नाना उठले. झोपडीत घडी करून ठेवलेली गोधडी त्यांनी आबांच्या अंगावर घातली, कडेने नीट खोचली. मग दुसरी. त्या दिवशी सावलीत बेचाळीस अंश होतं. आबांचं कपाळ निथळत होतं आणि नाना पंच्याने ते टिपून म्हणत होते, "घाम येतोय, म्हणजे ताप उतरस."

दुपारी चारपर्यंत नाना हलले नाहीत. आबांनीही कण्हणं सोडलं नाही, कारण मोटार बंद करायला खाटेखाली हात घालावा लागला असता. चार वाजता लाईट गेली आणि आबांच्या तोंडून "जाय आते बा," एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी नानांबरोबर झुंबरअक्का होत्या. या नानांच्या बायको. त्यांच्या हातच्या काढ्याची पंचक्रोशीत ख्याती आहे, म्हणजे लोक तो टाळण्यासाठी लवकर बरे होतात. कडुनिंबाची साल, गुळवेल आणि आणखी काही जे त्या सांगत नाहीत. त्यांनी पितळी तांब्या पुढे केला.

"नको वं झुंबर," आबा म्हणाले. "पोटात राहत नाही."

"कण्हण्याने जीभ सुकते आबा. प्या. पुरा प्या."

आबा प्यायले. पुढची दोन मिनिटं ते खरोखर कण्हत होते. जुनैदने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की आता आवाजात फरक पडला, हा वेगळा आहे.

तिसऱ्या दिवशी गावातले दहा-बारा लोक आले. नानांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. ते फक्त गिरणीवर, पारावर आणि दूध डेअरीत उसासा टाकून म्हणाले होते, "आबांचं काय खरं नही." आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं राहिलं तर माणूस आयुष्यभर बोल लावतो, म्हणून भाकऱ्या बांधून बाया निघाल्या. त्या झोपडीत आणि झोपडीबाहेर बसल्या, आबांच्या तरुणपणाच्या आठवणी काढू लागल्या आणि मध्येच पदर डोळ्यांना लावू लागल्या. एका आजीने आबांसमोरच सांगितलं, "स्वभावाने कडक होता, पण मनाने वाईट नव्हता." आबांनी तिच्याकडे जे बघितलं ते माझ्या अजून लक्षात आहे. अजून जिवंत असलेल्या माणसाला 'होता' म्हणणं म्हणजे काय, ते त्या नजरेत होतं.

जितेंद्र बिचारा मधल्यामध्ये सापडला. त्याला सत्य माहीत होतं आणि लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून धीर देत होते. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, काहीतरी करा. आबा ऐकत नाहीत आणि हे लोक जात नाहीत."

"मी काय करू? मी नोटीस दिली होती," मी म्हटलं. "आता विषय वैद्यकीय झालाय."

पाचव्या दिवशी सुमनबाई आली. आबांची थोरली मुलगी, सुरतजवळ उधन्याला दिलेली. तिला कुणीतरी फोन केला होता. कुणी, ते नानांनी मला कधीच सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरून नवरा, दोन दीर, जावा असं मोठं कुटुंब रिक्षांतून थेट धरणावर आलं. सुमनबाईच्या हातात गंगाजलाची छोटी बाटली होती आणि पिशवीत तुळशीची पानं. तिने गाळावर पाय ठेवला तेव्हाच हंबरडा फोडला. "आबाऽऽ! काय व्हई गयं वो माय!"

ही चेष्टा कुठवर जाणार असं वाटलं. मी नानांकडे पाहिलं. ते पंच्याचं टोक पिळत होते. सुमनबाई खाटेपाशी गुडघ्यांवर बसून बापाचे पाय चेपत होती, त्या पायांवर डोकं टेकत होती, आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी तीन वर्षांनी आली होती. तिला असं रडताना बघून त्यांना कण्हायचं सुचेना. ते गप्प झाले. आणि ते गप्प झाल्यावर सगळ्या झोपडीला ऐकू आलं. घर्रर्रर्र.

सुमनबाईने मान वर केली. "आबांच्या छातीत घरघर लागली!" ती किंचाळली. "दवाखान्यात न्या! उचला, खाटेसकट उचला!"

तिचे दोन्ही दीर कापडाच्या मिलमध्ये गाठी उचलणारे. एकाने उशाकडचे दोन खूर धरले, दुसऱ्याने आणि जावयाने पायथ्याकडचे. नाना पुढे झाले. मला वाटलं आता ते थांबवतील. ते म्हणाले, "सांभाळून. आबा जड शेतस."

खाट वीतभर वर गेली असेल, आबा ताडकन उठून बसले. "ठेवा! ठेवा खाले! मी चांगला शे! माले काय बी व्हयेल नही!" आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस गोधड्यांसकट खाली उडी मारून, अनवाणी, तापलेल्या गाळावरून सरळ आपल्या पपईच्या दिशेने पळत सुटला.

कुणी रागावलं नाही. आधी सगळे आनंदाने रडले. सुमनबाई बापाच्या मागे धावत होती, "आबा उठले! आबा चालू लागले!" बायांनी हात जोडले. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. जिथे खाट होती तिथे एक खड्डा, त्यावर दोन फळ्या, फळ्यांखाली गोणपाटात गुंडाळलेली मोटार, आणि खड्ड्यात येणारी पाण्याची पन्हळ. मोटार अजून चालू होती.

जुनैद शांतपणे पुढे गेला, वाकला, बटण दाबलं. "बेअरिंग बदलून घ्या," तो जितेंद्रला म्हणाला. "जळाली असती."

एक आजी पहिली हसली. मग ते हसू थांबेना.

त्या दिवशीच्या शेऱ्यात नानांनी लिहिलं: 'आबा पूर्ण बरे. आजार जप्त.' मी त्यावर सही केली, आणि पुढच्या तपासणीत त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. सोमवारी एकाही शेतकऱ्याने मोटार टाकली नाही.

पण गोष्ट इथेच थांबली असती तर आबा आबा नसते. आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी घालून माझ्या ऑफिसात आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी चोर. मान्य. पण न्याय बठ्ठासले सारखा पाहिजे. धरणाच्या पायथ्याशी चला."

धरणाच्या पायथ्याशी, वीजघराच्या मागे, भिंतीतून झिरपणारं पाणी एका चरात गोळा होतं. त्या चरात त्रिकोणी खाच पाडलेली लोखंडी पाटी असते. खाचेतून किती पाणी वाहतं ते रोज मोजायचं, म्हणजे धरण किती गळतं ते कळतं. मोजण्याचं काम नानांचं. मोजून झाल्यावर पाणी नाल्यात जातं. निदान मला तसं वाटत होतं. आबांनी मला घाणेरीच्या झुडपांमागे नेलं. तिथे मेथी होती, वांगी होती, गिलक्याचा वेल होता, आणि कोथिंबिरीचा असा हिरवा वाफा की त्या उन्हाळ्यात मी तसा हिरवा रंग बाजारातही पाहिला नव्हता. मधोमध झुंबरअक्का खुरपं घेऊन बसल्या होत्या.

नाना आमच्या मागून आले होते. त्यांनी वाफे पाहिले, बायकोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावरच्या रेषा हलताना पाहिल्या.

"मला वाटलं बाजारातून आणतेस," ते म्हणाले.

"या भावात?" अक्का म्हणाल्या.

आबा मागे हात बांधून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी तब्येत आली होती. "करा पंचनामा," ते म्हणाले.

मी विचार करत होते काय करावं. नानांनी खिशातून पेन काढलं. "मन्हा घरना पंचनामा मीच लिखसू." आणि तिथेच, बांधावर बसून, त्यांनी लिहिला. आरोपी झुंबरबाई लोटन. मेथी दोन वाफे, कोथिंबीर एक वाफा, वांगी अकरा झाडं, गिलक्याचा वेल एक, फळं मोजून सात. साक्षीदार म्हणून आबांची सही घेतली. मग बायकोला विचारलं, "तुले काय सांगनं शे?"

अक्का उभ्या राहिल्या. "मोजेल पानी शे हाई. ह्यासनी रोज मोजं, वहीमा लिखं, नि सोडी दिनं. सोडेल पानी मी उचली लिनं. धरणमाईन नही लिनं. मंग चोरी कोठे शे?"

आबांनी डोकं खाजवलं. मी मनातल्या मनात सगळे नियम उलटेपालटे करून पाहिले. गळून गेलेल्या आणि मोजून झालेल्या पाण्याचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी उपविभागाला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तोवर आम्ही आपला तोडगा काढला. चरापासून पाइप टाकून ते पाणी गुरांच्या हौदात सोडलं. हौद भरून जे वाहील ते अक्कांच्या वाफ्याला. आणि हौद रोज भरून वाहतो की नाही ते बघायचं काम आबांकडे. आबा रोज सकाळी येत, हौदात काठी घालून मोजत. अक्का त्यांना रागारागाने चहा देत. पंचनामा केल्याबद्दल नानांना मात्र अक्कांनी महिनाभर भाजी वाढली नाही. नाना दुपारचा डबा उघडायचे, त्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. जुनैद आपल्या डब्यातली भाजी पुढे सरकवायचा.

आबांची पपई निम्मी वाळली. हे मला गंमत म्हणून सांगता येत नाही. मी त्या शेतात गेले होते. पिवळी पडलेली झाडं जितेंद्र एकेक करून तोडत होता. आबा बांधावर बसून होते. म्हणाले, "पोरासारखी वाढवली होती, मॅडम. म्हणून झोपलो त्या खाटेवर."

नाना त्या वेळी बरोबर होते. ते तिथूनच निघून गेले. दोन दिवसांनी परत आले ते एक अर्ज घेऊन. पाणी उतरलं की तळाची ओली जमीन उघडी पडते, तिला आम्ही गाळपेर म्हणतो. ती एका हंगामापुरती कसायला देतात आणि पहिला हक्क ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचा. आबांची अठरा एकर धरणात गेलेली. पण चिखलात डांगर, म्हणजे खरबूज, लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही अर्ज केला नव्हता. नानांनी अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला होता. फक्त अंगठा किंवा सही बाकी.

"डांगरले वरून पानी लागत नही," नाना म्हणाले. "खालची ओल पुरस. मोटार नको, कण्हणं नको."

आबांनी सही केली. "तू मोठा हरामखोर शे लोटन," ते म्हणाले, आणि त्यात शिवीचा भाग थोडाच होता.

जुलैच्या मध्याला, नदी यायच्या आधी, आबांच्या गाळपेरीतली डांगरं नरडाण्याच्या बाजारात गेली. त्याआधी जूनमध्येच आबांना काठावरच्या देखरेख समितीत घेतलं, आणि लपवलेल्या मोटारी शोधण्यात त्यांच्याइतका पटाईत माणूस मी अजून पाहिला नाही. एक त्यांनी कडब्याच्या गंजीतून काढली, एक मासे सुकवायच्या जाळ्याखालून. विचारलं की म्हणायचे, "माणूस कोठे लपवस ते लपवणाऱ्याले इचारा." बावीस गावांना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी पुरलं. मग नदी आली. कालवा सुटला आणि जुनैदचं यंत्र फिरू लागलं त्या दिवशी तो इतका खूश होता की त्याने मला बळेच आत नेऊन, कान लावून, सगळे आवाज वेगवेगळे ऐकवले.

नाना गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही, हार काढून ठेवला आणि चिवडा खाल्ला. निवृत्त झाल्यावर त्यांनीही गाळपेरीचा अर्ज केला. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांना मिळालेला तुकडा आबांच्या तुकड्याला लागून निघाला. चिठ्ठ्या माझ्यासमोर काढल्या होत्या, त्यात काही लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकते.

या फेब्रुवारीत मी पाहणीला गेले तर दोघे गाळात उभे राहून दोरी ताणत होते. दोरीचं एक टोक आबांच्या हातात, एक नानांच्या. दोघांच्याही म्हणण्यानुसार दुसऱ्याने हातभर आत घेतलं होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा," आबा म्हणाले.

"ताई," नाना म्हणाले.

मी दोघांच्या मधून चालत गेले आणि मला वाटली तिथे पायाने रेघ ओढली. ती दोघांनाही मान्य झाली नाही. झुंबरअक्का दोघांवर ओरडत बांधावरून आल्या, दोरी काढून घेतली, बांधावरच्या दोन बाभळींना बांधली आणि तिच्यावर ओलं लुगडं वाळत घातलं.